चार लाखांचा अहवाल: गावासाठी विकत घेतलेल्या पाणलोट अभ्यास सेवेचे परीक्षण

"या पैशांत निम्मा सिमेंट बंधारा उभा राहिला असता," असे आमच्या ग्रामसभेत एका ज्येष्ठ शेतकऱ्याने भर सभेत सांगितले, तेव्हा त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे आमच्यापैकी कोणाहीजवळ काही नव्हते. बंधारा डोळ्यांना दिसतो, त्यावर नारळ फोडता येतो. अभ्यासाचे तसे नसते. दीड वर्षानंतर त्या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या स्थितीत आम्ही आहोत, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. गाव पारनेर तालुक्यातील, पर्जन्यछायेतले आणि सर्वस्वी विहिरींवर अवलंबून असलेले आहे. सेवा देणारी संस्था पुण्याची आहे. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशाच स्वरूपाचे काम करणाऱ्या अनेक संस्था आहेत आणि येथे सांगितलेले गुणदोष त्यांतील बहुतेकांना थोड्याफार फरकाने लागू पडतील, असे इतर गावांतील मंडळींशी बोलल्यावर वाटते.

सेवा म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. सुमारे १,१०० हेक्टरच्या पाणलोट क्षेत्राची माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाहणी, सर्व विहिरी व विंधन विहिरींची नोंद, खडकांच्या थरांचा नकाशा, निवडक विहिरींवर उपसा चाचण्या (पाणी उपसून ते किती वेगाने पुन्हा भरते ते पाहणे), गावाचा पाण्याचा ताळेबंद आणि यांवर आधारलेला कामांचा आराखडा, एवढे करारात होते. मोबदला ४,१०,००० रुपये, म्हणजे हेक्टरी सुमारे ३७३ रुपये ठरला.

हा पैसा कसा उभा केला, ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण सेवेच्या दर्जाइतकीच ही बाब इतर गावांना अडवणारी आहे. ग्रामपंचायतीकडे तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचा निधी येत होता आणि त्यातील बंधित, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्च करता येणाऱ्या, हिश्श्यापैकी निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संकलन व पाण्याचा पुनर्वापर यांसाठीच होता. साहजिकच आमची पहिली धाव तिकडे गेली. पण विकास आराखड्यात "बांधणे", "खोदणे", "दुरुस्ती करणे" अशी क्रियापदे असलेली कामे सहज बसतात. "मोजणे" आणि "समजून घेणे" यांसाठी लेखाशीर्ष, म्हणजे खर्च टाकायचे सरकारी खाते, शोधावे लागते आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघण्याच्या भीतीने कोणी सही करायला धजत नाही. शेवटी सुपे औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून २,००,००० रुपये दिले, यात्रा समितीच्या शिलकीतून ६५,००० रुपये मिळाले आणि उरलेले १,४५,००० रुपये विहिरीमागे १,००० रुपये या दराने लोकवर्गणीतून जमले. गंमत अशी की सातबाऱ्यावरील नोंदींनुसार गावात ११८ विहिरी होत्या आणि वर्गणी आली १४५ विहिरींची. प्रत्यक्ष पाहणीत त्या १६३ निघाल्या. अभ्यासाचा पहिला निष्कर्ष असा अभ्यासापूर्वीच हाती आला.

सरकारी योजनांत या कामासाठी तरतूद नसते असे नाही. ती किती असते, हे पाहण्यासारखे आहे. केंद्र सरकारच्या २००८ च्या सामायिक मार्गदर्शक सूचनांमध्ये पाणलोट विकासासाठी सपाट प्रदेशात हेक्टरी १२,००० रुपये खर्चाचे माप होते आणि त्यातील १ टक्का सविस्तर प्रकल्प अहवालासाठी राखलेला होता. म्हणजे हेक्टरी १२० रुपये. आमच्या क्षेत्राला ते लावले तर १,३२,००० रुपये होतात, आणि तेवढ्यात आराखडा तयार करायचा म्हटले की तो कार्यालयात बसून उपग्रहाच्या चित्रावर, शेजारच्या गावाच्या अहवालात नावे बदलून तयार होतो. अशा आराखड्यांचे नमुने आम्ही पाहिले आहेत. एकात तर नदीच नसलेल्या गावात कोल्हापुरी बंधारा सुचवलेला होता. केंद्राच्या पाणलोट विकास योजनेच्या २०२१ पासूनच्या नव्या टप्प्यात खर्चाचे माप हेक्टरी २२,००० रुपयांवर गेले. त्या मापाने आमच्या क्षेत्रातील एकूण कामांची किंमत २ कोटी ४२ लाख होते आणि आम्ही अभ्यासावर केलेला खर्च तिच्या पावणेदोन टक्क्यांच्याही आत राहतो. घर बांधताना आपण नकाशाला यापेक्षा अधिक पैसे मोजतो.

आता सेवेकडे वळतो. पाहणीसाठी चार जणांचा गट आला: दोन भूशास्त्रज्ञ, एक कृषी पदवीधर आणि एक नकाशे करणारा तरुण. शिवारफेरी तीन दिवस चालली. या गटाची काम करण्याची पद्धत मला मनापासून आवडली, ती एका कारणासाठी. त्यांनी कोणतेही यंत्र लावण्याआधी विहिरींत उतरून पाहिले. जुनी, न बांधलेली विहीर म्हणजे जमिनीच्या पोटाची आयती उघडलेली खिडकी असते. तिच्या भिंतीवर मुरूम किती फुटांपर्यंत आहे, मांजऱ्या (पोकळ्या असलेला मऊ खडक) कोठे सुरू होतो, काळा पाषाण कोठे लागतो आणि पाझर नेमका कोणत्या सांध्यातून येतो, हे सगळे दिसते. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टच्या थरांनी व्यापला आहे आणि या थरांत पाणी सगळीकडे सारखे नसते. मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि भेगांत ते राहते. एकसंध काळ्या पाषाणात शिरतच नाही. दोन लाव्हा थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या गेरूचा पट्टा असतो, तो थर ओळखण्याची खूण ठरतो. गटाने १६३ पैकी ९० हून अधिक विहिरींत हे थर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसह नोंदवले आणि त्या नोंदी जोडून गावाखालील खडकाचे चित्र उभे केले. विद्युतरोधकता सर्वेक्षणाचा, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालच्या खडकाचा अंदाज घेण्याचा, आग्रह आमच्यातील काहींनी धरला होता, कारण शेजारच्या गावात कोणीतरी ते "मशीन" आणले होते. थरांचा नकाशा नसताना केवळ मशीनच्या आकड्यांवर बोट ठेवणे म्हणजे अधिक महागडा पाणाड्या आणणे होय, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. नाही म्हणण्याचे हे धैर्य सल्लागारात क्वचित आढळते, कारण मशीन लावले असते तर त्यांचे बिलही वाढले असते.

पाणाड्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या भागात नारळ उभा राहिला की बोअर घ्यायचे, ही रीत अजून गेलेली नाही. गावात २०० हून अधिक विंधन विहिरी आहेत, त्यांतील बऱ्याच ५०० फुटांच्या खाली गेलेल्या आहेत आणि जवळपास निम्म्या कोरड्या आहेत. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल जाण्यास मनाई केली आहे; ही गोष्ट ग्रामसभेत सांगितली तेव्हा लोक हसले. खोदाई, केसिंग आणि मोटार धरून एका बोअरला लाखाच्या आसपास खर्च येतो. निम्म्या बंधाऱ्याचा हिशेब मांडणाऱ्या त्या ज्येष्ठांना आज मी एवढेच सांगेन की हा अभ्यास चार कोरड्या बोअरच्या किमतीत झाला.

अभ्यासाचा गाभा म्हणजे पाण्याचा ताळेबंद, आणि माझ्या मते संपूर्ण ९४ पानांच्या अहवालात तेच एक पान पैसे वसूल करणारे आहे. त्यातील आकडेमोड कोणालाही पडताळून पाहता येते. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १०,००० लिटर पाणी होते. सरासरी ५२० मिलिमीटर पाऊस धरला तर १,१०० हेक्टरवर ५७२ कोटी लिटर पाणी पडते. हा आकडा ऐकून सभेत समाधान पसरले होते. पुढचा आकडा मात्र वेगळा होता. पाणी साठवू शकणारा मुरूम आणि मांजऱ्या मिळून सुमारे ७०० हेक्टरखाली आहे. पावसाळ्यात तेथील पातळी सरासरी ६ मीटर चढते आणि या खडकाच्या आकारमानापैकी जेमतेम २ टक्के भाग उपसता येईल असे पाणी देतो. गुणाकार केला की ८४ कोटी लिटर मिळतात. पावसाळा संपल्यावर गावाच्या खात्यावर असलेली शिल्लक ती एवढीच. तीतून माणसी ५५ लिटरच्या मापाने २,४०० लोकांच्या पिण्या-वापरण्याचे पावणेपाच-पाच कोटी आणि जनावरांचे सुमारे तीन कोटी वजा केले, तर उरलेल्या पाण्यात, हेक्टरी ५५ लाख लिटरच्या हिशेबाने, जेमतेम १४० हेक्टर उन्हाळ कांदा निघतो. गावात त्या वर्षी कांदा होता २३० हेक्टर.

सभा बराच वेळ गप्प होती. इतकी वर्षे आम्ही "पाणी अडवा, पाणी जिरवा" म्हणत आलो आणि प्रत्येक कोरड्या उन्हाळ्याचे खापर न झालेल्या बंधाऱ्यांवर फोडत आलो. ताळेबंदाने दाखवले की सुचवलेली सगळी कामे उत्तम झाली तरी तूट पूर्ण भरून निघणार नाही. कांद्याचे क्षेत्र कमी केल्यावाचून गत्यंतर नाही. येथून एका तासाच्या अंतरावर असलेल्या हिवरे बाजारने पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडून त्यावर पिके ठरवण्याची पद्धत रूढ केली आणि शेतीसाठी बोअर बंद केले, हे आम्हा सर्वांना पाठ आहे. पोपटराव पवारांची भाषणे ऐकून आलेले निम्मे गाव आहे. परंतु दुसऱ्या गावाचा हिशेब ऐकणे आणि आपल्या विहिरींचा हिशेब आपल्यासमोर येणे यांत फरक पडतो. तो फरक या सेवेने निर्माण केला आणि त्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

दुसरा निष्कर्ष अधिक अडचणीचा ठरला. गावाच्या खालच्या अंगाच्या सुमारे ६० विहिरी ज्या मांजऱ्याच्या थरातून पाणी घेतात, तो थर आमच्या शिवारात कोठेच उघडा नाही. तो उघडा पडतो वरच्या गावाच्या गायरानात, डोंगराच्या कुशीला. याचा अर्थ असा की आमच्या हद्दीत कितीही बंधारे बांधले तरी त्या विहिरींना फारसे मिळणार नाही आणि त्यांचे पाणी जिरण्याची जागा दुसऱ्या ग्रामपंचायतीच्या ताब्यात आहे. जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याचा पाणलोट आणि जमिनीखालच्या पाण्याचा साठा यांच्या सीमा एक नसतात, हे पुस्तकात वाचले होते. आपल्याच नकाशावर ते पाहताना मात्र पोटात गोळा आला. १९७२ च्या दुष्काळी कामांतला आमचा पाझर तलाव का पाझरत नाही, याचाही उलगडा झाला. तो काळ्या पाषाणावर बसला आहे. त्यातले पाणी मार्चपर्यंत दिसते म्हणून आम्ही त्याचे कौतुक करत होतो. प्रत्यक्षात ते जिरत नाही म्हणून दिसते आणि उन्हाने उडून जाते. अहवालाने तो गुरांसाठी व मत्स्यपालनासाठी ठेवण्याची आणि त्याच्या खोलीकरणावर एक रुपयाही न घालण्याची शिफारस केली. मंजुरीच्या वाटेवर असलेल्या सात सिमेंट बंधाऱ्यांपैकी तीन रद्द करावेत, कारण ती जागा पाणी जिरण्याची नसून झिरपून बाहेर येण्याची आहे, असेही लिहिले. ज्यांची कामे रद्द झाली त्यांचे या सेवेविषयीचे मत माझ्यापेक्षा वेगळे असणार, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

वरच्या गावाशी झालेली बोलणी सेवेच्या कक्षेबाहेरची होती, तरी भूशास्त्रज्ञांपैकी एक जण स्वखर्चाने तिन्ही बैठकांना आले. पहिल्या बैठकीत तेथील सरपंचांनी विचारले, "आमच्या डोंगराला चर खणायचे, आमची चराई बंद करायची आणि पाणी तुमच्या विहिरीला, हा कुठला न्याय?" या प्रश्नाला नकाशात उत्तर नव्हते. तिसऱ्या बैठकीत असे ठरले की ३८ हेक्टर गायरानावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब चर) घ्यायचे, पहिली दोन वर्षे चराईबंदीच्या बदल्यात आम्ही कडब्याचा ठरावीक वाटा द्यायचा आणि उन्हाळ्यात त्यांच्या वस्तीवर टँकर येतो त्याऐवजी आमच्या खालच्या सार्वजनिक विहिरीवरून जलवाहिनी टाकू द्यायची. कंपनीने मात्र या चरांना निधी नाकारला, कारण त्यांचा प्रस्ताव "एक गाव" या चौकटीत मंजूर झालेला होता. निधी गावाच्या शिवेवर थांबतो, पाणी थांबत नाही. शेवटी ते काम रोजगार हमीतून वरच्या ग्रामपंचायतीने घेतले.

सरकारी यंत्रणांकडून हे सगळे फुकट मिळाले नसते का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या राज्यभर सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे अशी वर्षातून चार वेळा मोजली जाते. तालुका अतिशोषित (भरण्यापेक्षा उपसा जास्त असलेला) आहे की सुरक्षित, हे ठरवायला ही माहिती उपयोगी आहे आणि ती दीर्घ काळाची असल्यामुळे मौल्यवानही आहे. पण राज्यातील महसुली गावे चाळीस हजारांहून अधिक असल्याने साधारण दहा गावांमागे एक विहीर पडते. केंद्रीय भूजल मंडळाने २०१२ पासून हाती घेतलेल्या जलधरांच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरांच्या, नकाशांचे प्रमाण १:५०,००० होते. त्यावर आमचे सगळे गाव तळहातावर मावेल एवढे, सहा-सात सेंटिमीटरचे दिसते. कोणत्या नाल्यावर काय करायचे ते त्यावरून कळणे शक्य नाही. अटल भूजल योजनेत गावपातळीवर जलसुरक्षा आराखडे झाले, ते राज्यातील १३ जिल्ह्यांच्या निवडक ग्रामपंचायतींत. आमची ग्रामपंचायत त्या यादीत नव्हती. ज्यांची असेल त्यांनी खासगी सेवेवर पैसे घालण्यापूर्वी तो आराखडा मागवून वाचावा, असा माझा सल्ला आहे. आमच्या संस्थेनेही प्रारंभी जवळच्या निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी मिळवून वापरल्या, हे योग्यच झाले.

जलयुक्त शिवारचा अनुभवही येथे आठवतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये आलेल्या अहवालानुसार त्या अभियानावर ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला आणि तरीही पाण्याची गरज भागवण्यावर व भूजल पातळीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. आमच्या गावात त्या वेळी नाला खोलीकरण झाले होते. एका ठिकाणी यंत्राने मुरुमाचा थर संपून मांजऱ्यापर्यंत खोदले गेले आणि पुढच्या वर्षी शेजारच्या चार विहिरी दिवाळीनंतर लगेच खाली गेल्या. तेव्हा कोणी ते जोडून पाहिले नाही. या अभ्यासात उपसा चाचण्यांच्या वेळी ते लक्षात आले: धरून ठेवलेले पाणी नाल्याने बाहेर वाट करून दिली म्हणून निघून जात होते. ती चारशे फुटांची लांबी पुन्हा भरून घेण्याची शिफारस अहवालात आहे आणि खोदलेले बुजवायला पैसे कोणत्या योजनेत मागायचे, हे अद्याप आम्हाला उमगलेले नाही.

इथवर वाचून सेवा निर्दोष होती असा समज होऊ नये. तिच्यातले दोष ठळक आहेत आणि त्यांतील काही अक्षम्य वाटावेत असे आहेत. करारानुसार काम दहा महिन्यांत व्हायचे होते, ते चौदा महिन्यांनी झाले. त्यातही गट पहिल्या वर्षी मे महिन्याच्या मोजणीला आलाच नाही. उन्हाळ्याच्या तळाची पातळी हा ताळेबंदाचा पाया असतो. ती शेतकऱ्यांच्या आठवणीवरून भरण्यात आली आणि अहवालात त्याची नोंद एका तळटीपेत होती. आम्ही हट्ट धरल्यावर दुसऱ्या वर्षी मे महिन्यात प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा आठवणीतली पातळी आणि टेपची पातळी यांत सरासरी दीड मीटरचा फरक निघाला. वर दिलेला ८४ कोटींचा आकडा सुधारलेला आहे. पहिल्या मसुद्यात तो शंभराच्या वर होता.

भाषेची अडचण त्याहून मोठी. मूळ अहवाल इंग्रजीत आला आणि सोबत ११ पानांचा मराठी सारांश जोडला होता. त्या सारांशात "विशिष्ट प्राप्ती", "पारगम्यता गुणांक", "बंदिस्त जलधर" असे शब्द होते. पाहणीच्या वेळी हीच मंडळी शेतकऱ्यांशी मुरूम, मांजऱ्या, पाझर, उमाळा या शब्दांत उत्तम बोलत होती. लिहायला बसल्यावर त्यांना ते शब्द का सुचू नयेत, हे मला कळले नाही. आमच्या शाळेतील दोन शिक्षकांनी सारांश पुन्हा लिहिला आणि ग्रामसभेत वाचला गेला तो हाच.

नकाशांवर गट क्रमांक नव्हते. चर कोणाच्या बांधापासून सुरू होतो आणि कोणाच्या शेतात संपतो, हे रंगीत नकाशावरून सांगता येईना. खेद अधिक वाटला, कारण याच जिल्ह्यात, नव्वदच्या दशकात, फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गटनिहाय "नेट प्लॅनिंग" केले जात असे. शेतकरी आणि त्याची पत्नी दोघांना त्यांच्या शेतात उभे करून, प्रत्येक तुकड्यावर काय करायचे ते ठरवून सह्या घेतल्या जात. तीस वर्षांपूर्वी कागद-पेन्सिलीने जे होत होते, ते उपग्रह आणि ड्रोन हाताशी असताना सुटावे, याला प्रगती म्हणता येणार नाही. शेवटचा १० टक्के हप्ता आम्ही गट क्रमांक येईपर्यंत अडवून ठेवला. तो अडवता आला, कारण हप्त्यांची अट करारात होती.

स्त्रियांना पहिल्या शिवारफेरीत कोणी विचारले नाही, ही चूक आमचीही होती. पुढे महिला बचत गटाच्या बैठकीत एका आजींनी डोंगराच्या पायथ्याचा, आता बुजलेला झरा सांगितला, जिथून त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पाणी भरत असत. गट दुसऱ्या दिवशी तेथे गेला आणि थरांच्या नकाशात अडलेला एक दुवा त्या झऱ्यामुळे जुळला. ही बैठक पहिल्याच आठवड्यात झाली असती तर महिना वाचला असता.

आराखड्यातील अंदाजपत्रके जिल्हा दरसूचीप्रमाणे (कामांच्या ठरलेल्या सरकारी दरांप्रमाणे) नव्हती, ही त्रुटी आर्थिकदृष्ट्या सर्वांत महाग पडली. शास्त्रीयदृष्ट्या काम कितीही अचूक असले तरी तांत्रिक मान्यतेसाठी दरसूचीनुसार मोजमापे आणि आडवे छेद लागतात. त्यांवाचून कृषी विभागही प्रस्ताव हातात घेत नाही आणि जलसंधारण विभागही घेत नाही. आम्हाला एका निवृत्त उपअभियंत्यांकडून ती नव्याने करून घ्यावी लागली आणि त्याला ६०,००० रुपये पडले. अभ्यासाचा खरा खर्च म्हणून ४,७०,००० रुपये धरावा. विहिरींच्या मूळ नोंदींची संगणकीय प्रतही करारात नसल्यामुळे मागून घ्यावी लागली. ती विनाशुल्क मिळाली, पण तीन पत्रांनंतर.

अशी सेवा कोणी घ्यावी? ज्या गावाला केवळ मंजुरीसाठी कामांची यादी हवी आहे, त्याने या वाटेला जाऊ नये; यादी त्याहून स्वस्तात मिळते. ज्या गावात बंधारे झाले आहेत आणि तरीही विहिरी फेब्रुवारीत तळ गाठतात, त्याने घ्यावी. करार करताना दोन उन्हाळे आणि एक पावसाळा यांची मोजणी, संपूर्ण मराठी अहवाल, गट क्रमांक असलेला १:५,००० चा नकाशा, दरसूचीनुसार अंदाजपत्रक आणि मूळ नोंदींची मालकी गावाकडे, एवढ्या अटी घातल्या तर दर हेक्टरी ५०० रुपयांपर्यंत गेला तरी मी तो रास्त समजेन. सर्व रक्कम आगाऊ मात्र कधीही देऊ नये.

परिणामांविषयी सांगायचे तर, चर झाल्यानंतर एकच पावसाळा गेला आहे आणि तोही सरासरीपेक्षा बरा होता; खालच्या विहिरी यंदा मार्चअखेर टिकल्या याचे श्रेय चरांना द्यायचे की पावसाला, हे एका वर्षावरून ठरवणे योग्य नाही. कांद्याचे क्षेत्र २३० वरून १९० हेक्टरवर आले आहे. त्यातले काही ताळेबंदामुळे आणि काही पडलेल्या भावामुळे कमी झाले असावे. रद्द झालेल्या तीन बंधाऱ्यांचा निधी मात्र निश्चितपणे वाचला.

संस्थेने पुढील तीन वर्षांच्या मोजणीसाठी वर्षाला ७०,००० रुपयांचा प्रस्ताव दिला होता, तो आम्ही नाकारला. त्याऐवजी २२ विहिरींच्या काठांवर रंगाने खुणा केल्या आहेत, शाळेत पर्जन्यमापक बसवला आहे आणि जलसुरक्षक दर महिन्याच्या एक तारखेला टेप घेऊन फिरतो. नोंदी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतात. वर्षातून एकदा येऊन त्या तपासून देण्याचे संस्थेने मान्य केले आहे, आणि या वेळचा मे महिना तरी त्यांनी चुकवलेला नाही. पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुणापैकी एक पहिल्या वर्षीच्या न झालेल्या मोजणीसाठी आणि अर्धा "विशिष्ट प्राप्ती"साठी कापला आहे.